खाडीचा नकाशा आपल्या विहारात का लागला पाहिजे

गोवंडी, मानखुर्द, विक्रोळी, कांजूर, भांडुप, कळवा, ऐरोली, तुर्भे. ही नावे वाचली की आपल्या डोळ्यांपुढे वस्त्या येतात, विहार येतात, १४ एप्रिलची मिरवणूक येते. खाडी येत नाही. खरे तर ही सगळी ठिकाणे एकाच पाण्याच्या दोन काठांवर किंवा काठाजवळ आहेत. मुंबई आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये सुमारे २६ किलोमीटर आत शिरलेली ठाण्याची खाडी ती हीच. या काठावर पुढच्या वीस वर्षांत काय बांधायचे, काय राखायचे आणि कोणाला कुठे हलवायचे, हे ठरवणारे नकाशे आज तयार आहेत किंवा दुरुस्त होत आहेत. त्या नकाशांवरच्या चर्चेत पक्षीमित्र असतात, बिल्डर असतात, अधिकारी असतात. आपण नसतो. म्हणून हा लेख.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण नियोजनाचे सगळे वाद शेवटी पाण्याच्या चढउतारावरच येऊन थांबतात. खाडीत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती जास्त चढते, तिला आपण उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते, ती भांगाची भरती. कोळी आणि आगरी समाजाला हे पंचांग पाठ असते. पौर्णिमा पाळणाऱ्या आपल्यालाही ते अवघड जाऊ नये. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, त्याच दिवसांत पावसाळ्यातली मोठी उधाणे येतात. साडेचार मीटरच्या वर जाणाऱ्या भरतीच्या तारखांची यादी मुंबई महापालिका दरवर्षी जाहीर करते. त्या तासांत जोराचा पाऊस आला तर नाल्यांचे पाणी खाडीत उतरत नाही, कारण खाडीच वर आलेली असते. मग ते पाणी मागे फिरते आणि सर्वात सखल जागा शोधते. सखल जागेवर कोण राहते हे सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही दुपारची भरती आणि पाऊस एकत्र आले होते.

आता हे पाणी अंगावर घेणाऱ्या तीन गोष्टी पाहू. पहिली म्हणजे खाडीचा उघडा चिखल. ओहोटीला तो मैलभर पसरलेला दिसतो आणि बाहेरच्या माणसाला घाण वाटतो. त्यात किडे, शिंपल्या, निवट्या, चिंबोऱ्या असतात, आणि त्यावर लाखभर रोहित पक्षी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जगतात. (शहराच्या सांडपाण्यामुळे वाढणारे शेवाळ हेच लहान रोहितांचे अन्न आहे असे अभ्यासक सांगतात. शहराने टाकून दिलेल्यावर जगणारे हे पक्षी शहराचा अभिमान झाले, ही गोष्ट आम्हाला नेहमी विचारात पाडते.) दुसरी गोष्ट म्हणजे कांदळवन. तिवरांची मुळे गाळ धरतात, लाटेचा जोर तोडतात, माशांच्या पिलांना आसरा देतात. तिसरी म्हणजे मिठागरे. मुलुंडपासून वडाळ्यापर्यंत, रेल्वे आणि खाडीच्या मधल्या पट्ट्यात ही सपाट उघडी जमीन आहे. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, त्या महिन्यांत ही जमीन पाणी साठवते. शहराला पूर्व बाजूने मिळालेले हे एक मोठे ताट आहे, आणि त्याचे भाडे कोणी कधी दिलेले नाही.

खाडीच्या काही भागाला संरक्षण मिळाले आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यातले ८९६ हेक्टर कांदळवन आणि उरलेले पाणी. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळ झाली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. तिथे धरलेले क्षेत्र ६,५२१ हेक्टर आहे. पाटी लागली म्हणजे जागा वाचली असे मात्र नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला उतरत्या विमानाची धडक बसून ३९ रोहित पक्षी मेले. नवी मुंबईत नेरुळच्या बाजूची तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिली. तिथे भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बुजले की तळे सुकते. सुकलेले तळे पाणथळ राहत नाही, आणि मग ती मोकळी जमीन ठरते. तळे मारायला यंत्र लागत नाही, एक मोरी बंद केली की पुरते.

काठावरची जमीन कोणाची, हा प्रश्न मात्र पक्ष्यांपेक्षा जुना आहे, आणि इथे आपला इतिहास थेट येतो. भरतीच्या पाण्याला बांध घालून, उघाडीतून पाणी सोडून-रोखून खारजमीन तयार करणे हे कोकणातले शेकडो वर्षांचे काम. बांध कुळे घालायची, फुटला तर कुळेच बांधायची, आणि जमीन खोताची. अलिबागजवळच्या खारेपाटात चरी गावाने १९३३ मध्ये संप पुकारला तो याच व्यवस्थेविरुद्ध. नारायण नागू पाटील यांनी चालवलेला हा संप १९३९ पर्यंत टिकला. सहा वर्षे लोकांनी जमीन कसली नाही, लाकूडफाटा विकून आणि मोलमजुरी करून दिवस काढले. बाबासाहेब या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा कौन्सिलवर नेला. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडावे लागले. म्हणजे भरतीच्या जमिनीचा प्रश्न बाबासाहेबांनी हातात घेतलेला आहे, तो नंतर कोणी पर्यावरणवाद्यांनी आपल्याकडे आणलेला नाही.

त्याही मागे जायचे तर याच किनाऱ्यावर सोपारा आहे. अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखाचे तुकडे तिथे मिळाले, स्तूप मिळाला. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या नावांत कल्याण आणि सोपाऱ्याचे लोक आहेत. दोन्ही खाडीवरची बंदरे. सोपाऱ्याचे बंदर गाळाने भरले आणि व्यापार दुसरीकडे गेला. खाडी हलली की गाव हलते, याचे आपल्या धम्माच्या इतिहासातले हे घरचे उदाहरण.

आता कायदा. किनाऱ्यावर काय करता येते हे ठरवते ती किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना. सरकारी कागदांत आणि बातम्यांत तिला सीआरझेड म्हणतात. पहिली १९९१ ची, दुसरी २०११ ची, आज लागू असलेली जानेवारी २०१९ ची. तिची भाषा जड आहे, पण गाभा सोपा आहे. भरतीचे पाणी कुठवर चढते ती भरतीरेषा आधी आखायची, आणि त्या रेषेपासून मोजून जमिनीचे वर्ग करायचे. कांदळवन, अभयारण्य, पक्ष्यांच्या जागा हे सर्वात नाजूक, पहिल्या वर्गातले. भरती-ओहोटीच्या रेषांमधला चिखलही पहिल्या वर्गातच, पण त्याच्या दुसऱ्या पोटवर्गात. शहरातला आधीच बांधलेला भाग दुसऱ्या वर्गात, ग्रामीण भाग तिसऱ्यात, पाणी चौथ्यात. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठे कांदळवन असेल तर त्याभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा सोडायचा.

खाडीच्या काठाला समुद्रासारखे ५०० मीटर मिळत नाहीत. २०११ च्या नियमात खाडीकाठी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातले जे कमी तेवढा पट्टा होता. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. त्याच अधिसूचनेने शहरी भागातले, १९९१ च्या पातळीवर गोठवलेले चटईक्षेत्र मोकळे केले. एका हाताने पट्टा अर्धा केला आणि दुसऱ्या हाताने उंची वाढवली. किनाऱ्यावरच्या जुन्या चाळी आणि वस्त्या अचानक सगळ्यांना का आवडू लागल्या, याचे उत्तर इथे आहे.

पाणथळ जागांचे वेगळे नियम २०१७ चे आहेत. त्यांच्या व्याख्येतून माणसाने मिठासाठी तयार केलेल्या जागा वगळल्या आहेत. मिठागर पाणी धरते, पक्षी धरते, पण त्या नियमांपुरते ते पाणथळ नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यावर फिरतो.

२०२४ मध्ये धारावीच्या पुनर्विकासासाठी मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्ग इथली सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन देण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी देवनार कचराभूमीच्या जमिनीपैकी सुमारे १२४ एकर याच कामासाठी देण्याचे ठरले. धारावीत जे 'अपात्र' ठरतील त्यांना धारावीबाहेर भाड्याची घरे, अशी योजना आहे. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्याला लागलेल्या आगीचा धूर सगळ्या मुंबईने पाहिला. गोवंडीने तो आधीही पाहिला होता आणि नंतरही पाहिला.

यावर आपल्या कार्यकर्त्यांत दोन मते ऐकू येतात. एक मत म्हणते, गरिबाला पक्के घर मिळत असेल तर मिठागराचे आणि पक्ष्यांचे कौतुक कशाला? पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे. दुसरे मत म्हणते, मिठागर वाचवलेच पाहिजे, लोकांची सोय सरकार पाहील. आम्हाला दोन्ही अपुरी वाटतात. पहिल्या मताला आम्ही विचारतो, घर कुठे मिळते आहे? पावसाळ्यात पाणी साठणाऱ्या ताटात आणि कचऱ्याच्या डोंगराच्या जागेवर. भराव घालून ती जागा उंच केली तर तिथले पाणी शेजारच्या जुन्या सखल वस्तीत उतरेल, आणि शेजारची वस्तीही आपलीच आहे. दुसऱ्या मताला विचारतो, 'लोकांची सोय' म्हणजे काय हे माहुलने दाखवलेले नाही का?

माहुल विसरता येणार नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीतल्या या खाडीकाठच्या भागातल्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये म्हटले. तरीही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून त्यांतल्या कुटुंबांना माहुलच्याच इमारतींत पाठवत राहिले. जलवाहिनी सुरक्षित करण्याच्या नावाखाली माणसे विषारी हवेत. लोक रस्त्यावर बसले, कोर्टात गेले, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे घर किंवा महिना १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. जमीन वापराचा नकाशा चुकला तर त्याची किंमत फुप्फुसातून मोजावी लागते, हे माहुलच्या बायाबापड्यांनी कोर्टाला पटवून दिले.

कांदळवनाचेही असेच. ६ ऑक्टोबर २००५ ला उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला आणि त्याच्या ५० मीटरांत बांधकामाला मनाई केली. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग, असे म्हटले. निकाल चांगला आहे, आम्ही त्याच्या बाजूने आहोत. पण तो उतरतो कोणावर ते पाहा. तिवरांत भराव टाकून झोपड्या विकणारा माफिया पैसे घेऊन निघून जातो. बुलडोझर येतो तो पैसे देऊन झोपडी घेणाऱ्यावर. मोठ्या प्रकल्पाला मात्र सार्वजनिक हित सांगून कोर्टाची परवानगी मागता येते आणि बहुतेक वेळा मिळते. बुलेट ट्रेनसाठी सुमारे वीस हजार कांदळवृक्ष तोडायला डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली. त्यातही एक बाब शिकण्यासारखी आहे. आधी मागणी पन्नास हजारांच्या वर होती, ती खाली आली. आणि अभयारण्य आडवे आल्यामुळे रेल्वेचा मार्ग खाडीच्या खालून न्यावा लागला: सुमारे २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर खाडीखाली. दबाव असला की आराखडा बदलतो. पक्ष्यांसाठी बदलला, तर वस्तीसाठी बदलता येत नाही असे कोणी सांगू नये.

आणखी एक अडचण सांगायला हवी. या एका खाडीवर किती जणांची मालकी आहे? मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या तीन महापालिका, सिडको, एमएमआरडीए, दोन बंदरे, वन विभागाचा कांदळवन कक्ष, केंद्राचे मीठ आयुक्त, जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ. प्रत्येकाचा नकाशा वेगळा. पाणी मात्र एकच आहे आणि ते वॉर्डाची हद्द ओळखत नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूर सदस्य म्हणून बाबासाहेबांकडे पाटबंधारे आणि वीज हे विषय होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांचा आग्रह होता की नदीचे खोरे हे एकक धरा, प्रांताची हद्द नव्हे, आणि पूर, वीज, सिंचन यांचा एकत्र विचार करा. त्यातून १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. ठाणे खाडीसाठी असा एकत्र विचार करणारी एकही यंत्रणा आज नाही. बाबासाहेबांचे पाणीविषयक विचार हा आपल्या व्याख्यानमालांचा आवडता विषय आहे. तो एकदा ऐरोलीच्या पुलावर उभे राहून मांडून पाहावा.

मग आपण करायचे काय? आमच्या गटाने गेल्या वर्षी सुरुवात केली ती अगदी साध्या कामाने. आपल्या वस्तीचा भूमापन क्रमांक काढला. विकास आराखड्याच्या पत्रकावर तो शोधला. मग किनारा व्यवस्थापन नकाशावर तीच जागा शोधली. दोन्ही नकाशे सरकारी संकेतस्थळांवर मिळतात. दोन संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर गेल्या, कारण एका नकाशात नाला उत्तरेला होता आणि दुसऱ्यात तो नव्हताच. पण त्या दोन संध्याकाळींनंतर आमच्या दहावीतल्या मुलांनाही कळले की आपण भरतीरेषेच्या कोणत्या बाजूला राहतो, आपल्या मागचे तिवर वन विभागाचे की महसूलचे, आणि समोरच्या मोकळ्या जागेवर आरक्षण कशाचे आहे. भरतीरेषा कशी आखली याचा कागद हवा असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

आराखड्यात बदल करायचा तर नगररचना कायद्याने जाहीर नोटीस काढावी लागते आणि हरकतींसाठी साधारण एक महिना मिळतो. ही नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते, वस्तीत कोणी भोंगा फिरवत नाही. म्हणून प्रत्येक विहारात एकाने ती पाहण्याची जबाबदारी घ्यावी. हरकतींनी काही होत नाही असे म्हणणाऱ्यांना सांगावे की मुंबईच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा लोकांच्या हरकती आणि ओरड यामुळे २०१५ मध्ये मागे घ्यावा लागला आणि आराखडा नव्याने करावा लागला. हरकत लिहिताना 'अन्याय झाला' एवढेच लिहू नका. जागा कोणती, आज तिचा वापर काय, बदल झाला तर पाणी कुठे जाईल, किती घरे बाधित होतील आणि आमची मागणी काय, हे लिहा. मागणी दुहेरी ठेवा: पाण्याची जागा मोकळी राहिली पाहिजे, आणि तिथून हलवायचे तर त्याच परिसरात उंच जागेवर घर दिले पाहिजे. एक मागणी सोडून दुसरी केली की आपलेच दोन गट समोरासमोर उभे राहतात. असे झालेले आम्ही पाहिले आहे.

कोळीवाड्यांशी बोला. खाडीत मासे कुठे संपले, कोणती उघाडी बंद झाली, कोणत्या साली नाल्याचे पाणी काळे झाले, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नाही. हरकतीला त्यांची सही जोडली तर दोन समाजांचा कागद म्हणून तो वेगळा वाचला जातो.

आणि या पावसाळ्यात एक काम तरुणांनी करावे. मोठ्या भरतीच्या तारखांची यादी विहाराच्या फलकावर लावावी. त्या दिवशी नाल्याच्या तोंडाशी आणि वस्तीतल्या सर्वात खालच्या घराच्या भिंतीवर पाणी कुठवर आले त्याची रंगाने खूण करावी, फोटो काढावा. तीन-चार उधाणांच्या खुणा मिळाल्या की आपल्या वस्तीचा पूरनकाशा आपल्याच हातात असतो. खूण करताना तारीख, वेळ आणि त्या भरतीची उंची तिन्ही लिहा. एक जरी राहिले तरी कार्यालयात कागद परत करतात, आमचा एकदा केला आहे.